सोड्यात उकळलेली टोपी

बाबा, तुमची टोपी मी धुतली होती. त्या दिवाळीत तुम्ही पत्र्याचा डबा उघडलात, आत टोपी नाही हे पाहिलंत आणि मला हाक मारलीत, तेव्हा मी हसत हसत ते सांगितलंही होतं. पण त्या धुण्यात मी नेमकं काय केलं होतं, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. ते कळायला पुढे सात वर्षं गेली. तुम्हाला मात्र कळलं असावं, असं आता वाटतं. मायला तर कधीच कळलं नाही. माय या फाल्गुनात गेली. शेवटच्या दिवसापर्यंत ती एकच गोष्ट धरून होती, की तुम्हाला तिनं मारलं, विहिरीचं पाणी ओढायला लावून. चाळीसच्या वर वर्षं ती हे मनात घेऊन वावरली आणि मी तिच्या शेजारी बसून तांदूळ निवडत राहिले. म्हणून आज लिहायला बसले आहे. फार उशीर केला, हे मलाही कळतं. वर्गात उत्तर यायला एवढा उशीर झाला असता, तर मीच त्या पोरीला बाकावर उभं केलं असतं.

तुम्हाला तो संक्रांतीचा पाक आठवतो का? मी नववीत होते. माय चुलीपाशी बसली आहे, कढईत गूळ विरघळतो आहे आणि तुम्ही पाटावर बसून चहा पिता आहात. रविवार आहे, डोक्यावर ती सुती टोपी आहे. माय चिमटीत पाक धरून तार बघते आणि म्हणते, "अजून एकतारीच आहे." तुम्ही एकदम कप खाली ठेवता. "बाई, इकडं ये. पाह्य, तुले आमच्या कारखान्यातली केमिस्ट्री दाखवतो." तुम्ही सातवी पास. केमिस्ट्री हा शब्द तुम्ही इतक्या ऐटीत उच्चारत होतात, की माय तोंडाला पदर लावून हसायची. तुम्ही सांगितलंत, "मोहाच्या दारूत जो माल असते ना, त्याले एकच हात. एका हातानं कोणाले किती धरन तो? म्हणून ते पातळ, म्हणून ते भुर्रकन उडून जाते. आमच्या गलायकोलले दोन हात. ते जरा धरून राह्यते, म्हणून जाड, तेलावाणी. अन् गिलसरीनले तीन हात. ते त सोडतच नाही कोणाले. एकतारी, दोनतारी, तीनतारी. समजलं का?" मला समजलं होतं. माय म्हणाली, "पोरीले दारूचं कायले शिकवून राहिले जी!" आणि तुम्ही म्हणालात, "दारूचं नाही, केमिस्ट्रीचं."

हातांची ही गोष्ट तुम्हाला कारखान्यातल्या केमिस्ट साहेबांनी सांगितली होती. साहेबांनी सांगितली असेल ती चार वाक्यांत, पण पाकाच्या तारा तिला तुम्ही जोडल्यात. पुढे तीस वर्षं मी मुलींना ग्लायकॉल शिकवलं, ते तुमच्याच पद्धतीनं. फळ्यावर कार्बनची साखळी काढायची, तिच्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनचे हात काढायचे आणि विचारायचं, घरी पाक कोण करतं? त्याच वेळी तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितली होती. चमच्याला चिकटलेला पाक मी चाटत होते, तेव्हा तुम्ही बोट उगारलंत आणि म्हणालात, "गलायकोलही गोड लागते बरं. पण ते चाखायचं नाही. कडू माल माणूस थुंकून टाकते, गोडाले कोणी थुंकत नाही, अन् आतमंधी किडनी धरली का मंग डॉक्टरच्याही हाती काही राह्यत नाही." ग्लायकॉलची विषबाधा इतक्या कमी शब्दांत मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही.

तुमचा कारखाना तुमसरच्या पलीकडे, मँगनीजच्या खाणींच्या वाटेवर होता. खाणींना लागणारी सुरुंगाची कांडी तिथे व्हायची. खाजगी होता, लहानच होता, आता त्याच्या जागी नुसत्या मातीच्या टेकड्या उरल्या आहेत. ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, दोन्हींवर आम्लाची क्रिया करून त्यांचं स्फोटक तेल करायचे. नुसत्या ग्लिसरीनचं तेल थंडीत गोठतं आणि गोठलेलं हाताळणं फार धोक्याचं, म्हणून त्यात ग्लायकॉलचं तेल मिसळत. ते गोठू देत नाही. पण ते हवेत उडतं लवकर, श्वासातून जातं, कातडीतून जातं, कपड्यांत मुरतं. तुम्ही हे तेल भुकटीत मळायच्या शेडमध्ये होतात. कोणी विचारलं काय काम करता, तर तुम्ही म्हणायचात, "काही नाही जी, कणिक भिजवतो." त्या कणकेनं अख्खी टेकडी उडायची, हे तुम्ही सांगत नव्हतात.

नव्या माणसाचं तिथे पहिल्या आठवड्यात डोकं फुटायची वेळ यायची. तुम्हीही म्हणे चार दिवस ओकत होतात आणि मायनं भगताला बोलवायची तयारी केली होती. मग अंगाला सवय व्हायची, डोकं थांबायचं. पण एक रविवार मधे गेला, की सवय उतरायची आणि सोमवारी पुन्हा तेच. शेडमधले लोक त्याला सोमवारचं डोकं म्हणायचे. त्याच्यावरचा इलाज तुम्हाला तिथल्या म्हाताऱ्या जमादारानं शिकवला होता. कारखान्याचे कपडे तर फाटकावर उतरवून ठेवावे लागत. पण कारखान्याच्या टोपीखाली आपली एक सुती टोपी घालायची, ती कधी धुवायची नाही, शनिवारी पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून घरी आणायची आणि सुटीच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ तासभर डोक्यावर ठेवायची. सवय उतरत नाही, सोमवार सुखाचा जातो. नियमात हे बसत नव्हतं, पण जुने लोक सगळे हेच करायचे. तो डबा आमच्या घरात भिंतीतल्या देवळीत असायचा. त्याला हात लावायचा नाही, एवढाच तुमचा हुकूम. एरवी तुम्ही कधी हुकूम दिल्याचं आठवत नाही.

मग मी भंडाऱ्याला कॉलेजात गेले. आमच्या वस्तीतून सायन्सला गेलेली पहिली पोरगी. तुम्ही तुमसरच्या शिंप्याकडून मला पांढरा ॲप्रन शिवून आणलात. मापाला मी नव्हतेच, तुम्ही हातानं दाखवलं असेल, इतकी उंच आहे म्हणून. तो पार पोटऱ्यांपर्यंत आला. मी वैतागले, बाकीच्या पोरी हसतील म्हणून. तुम्ही म्हणालात, "राहू दे, ॲसिड सांडलं त पाय वाचतील." मी तो तसाच वापरला आणि पोरी हसल्याच. पण पहिल्या वर्षी सरांनी विचारलं, ग्लायकॉल अल्कोहोलपेक्षा दाट का, तेव्हा अख्ख्या वर्गात एकटा माझा हात वर होता. मी दोन हातांचं सांगितलं. सर बघतच राहिले. त्या दिवशी एसटीच्या खिडकीशी बसून येताना मला वाटत होतं, आता आपल्याला सगळं येतं.

तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली. अर्धवट शिकलेल्या माणसाला जेवढी घमेंड असते, तेवढी पुढे कधीच राहत नाही. मी पुस्तकात वाचलं की ही नायट्रेटची तेलं विषारी असतात, त्यांनी रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणून डोकं ठणकतं. झालं. मी घरी येऊन तुमच्यामागे लागले. जे विष सहा दिवस अंगात जातं, ते सातव्या दिवशी तरी कशाला? तुम्ही आधी हसण्यावारी नेलंत. मग एकदा समजावून सांगितलंत. तुम्ही ओसरीवर बसला आहात, टोपी डोक्यावर आहे, समोर धान वाळत घातलंय. तुम्ही म्हणता, "बाई, विष असन. मी नाही कोठं म्हणतो? पण आता ते अंगाले लागलं आहे. एकदम सोडलं त अंग भांडते. मांगं दोन-चार दिवस सुटीवर होतो, टोपी नेली नव्हती, त छाती अशी धरली होती का काही विचारू नको. कामावर गेलो न् घंटाभरात मोकळी झाली."

हे तुम्ही मला सांगितलं होतं, बाबा. स्पष्ट सांगितलं होतं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "दारुडेही असंच म्हणतात."

तुम्ही आयुष्यात दारूला शिवला नव्हतात. आजोबा मोहाच्या दारूनं गेले म्हणून तुम्ही फुलं वेचायलासुद्धा जात नव्हतात. हे मला माहीत होतं आणि तरी मी तो शब्द वापरला, कारण त्यानं तुम्ही गप्प व्हाल हेही मला माहीत होतं. तुम्ही टोपी काढलीत, डब्यात ठेवलीत, झाकण दाबलंत आणि वाळत घातलेल्या धानावरच्या चिमण्या हाकलायला उठलात. मी जिंकले, असं मला वाटलं. आता सांगते, त्या एका वाक्याची मला जितकी लाज वाटते, तितकी दुसऱ्या कशाचीही वाटत नाही. टोपी मी चुकून धुतली, म्हणता येईल. ते वाक्य चुकून बोलले नव्हते.

त्या वर्षी दिवाळीला कारखाना तीन दिवस बंद होता. मी हिशोब केला, की तीन दिवस टोपी मिळाली नाही तर सवय पार निघून जाईल. चौथ्या दिवशी थोडं डोकं दुखेल, मग बाबा स्वतःच म्हणतील की पोरीचं खरं होतं. पहिल्याच दिवशी, तुम्ही सकाळी बाजाराला गेलात तेव्हा, मी देवळीतला डबा काढला. घराच्या मागे तीन विटा मांडल्या, जुन्या घमेल्यात पाणी तापवलं, त्यात धुण्याचा सोडा मुठी मुठीनं टाकला आणि टोपी उकळली. मला प्रॅक्टिकलमध्ये शिकवलं होतं, की अल्कोहोल आणि आम्लाचं लग्न लागलेलं असेल तर ते अल्कलीनं मोडतं. टोपीत मुरलेल्या तेलाचं सोडा परत साधं ग्लायकॉल करणार, ते पाण्यात जाणार आणि टोपी कोरी होणार. रसायन म्हणून त्यात एक चूक नव्हती. पाणी पिवळं पडलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो मी लपवत नाही. पण घमेल्यावर वाकून ढवळताना माझं डोकं असं धरलं, की डोळ्यांसमोर काजवे चमकले. मायनं कपाळाला बाम चोळला आणि म्हणाली, "सणासुदीचं कायचं धुणं काढून बसली व?" मला त्या डोकेदुखीचाही अभिमान वाटला. पुस्तकातलं खरं निघालं होतं ना!

संध्याकाळी तुम्ही डबा उघडलात. हाक मारलीत. मी दोरीवरची टोपी दाखवली, पांढरीशुभ्र. तुम्ही बराच वेळ तिच्याकडे बघत होतात. रागावाल असं वाटलं होतं. तुम्ही फक्त म्हणालात, "विचारायचं त होतं व बाई." मग माझा चेहरा पाहून तुम्हीच हसलात. "गोरी झाली पण. आता हिचं लग्न लावू." मी खूश झाले. मला वाटलं, बाबांना पटलं.

दुसऱ्या दिवशी तुमचं कशात लक्ष नव्हतं. करंजी अर्धीच खाल्लीत. ओसरीवरून आत, आतून अंगणात, असं चाललं होतं. मायनं विचारलं तर म्हणालात, सुटीची सवय नाही. दिवस कलायच्या सुमाराला मी मागच्या दारी गेले, तर तुम्ही दोरीपाशी उभे होतात. टोपी दोन्ही हातांत धरून तोंडाला लावली होती आणि खोल श्वास घेत होतात. मला पाहून तुम्ही ओशाळलात. "हिच्यात काही राह्यलं असन का व, थोडंसं?" असं विचारलंत. बाबा, तुम्ही मला विचारलं होतं, शिकलेल्या पोरीला. आणि मी फुशारकीनं म्हणाले, "काही नाही राहिलं. सोडा बक्कळ टाकला होता मी." तुम्ही मान हलवलीत आणि टोपी पुन्हा दोरीवर घातलीत, सुरकुत्या काढून.

तिसरा दिवस भाऊबीजेचा. मामा येणार म्हणून मायची सकाळपासून धावपळ. तिचं मनगट सुजलं होतं, अनारशांचं पीठ कांडून. तुम्ही खाटेवर बसला होतात, डावा हात उजव्या हातानं दाबत. मला म्हणालात, "छातीवर कोणी पाट ठेवल्यावाणी होऊन राह्यलं." मी म्हटलं, "डॉक्टरकडे जाऊ का?" तुम्ही म्हणालात, "कायले? उद्या कामावर गेलो का होते नीट." तेवढ्यात मायनं आतून आवाज दिला, "अहो, इतकं पाणी ओढून द्या ना, माह्या हातानं होऊन नाही राह्यलं." मी उठू शकले असते. माझे हात धडधाकट होते. पण मी केस विंचरत होते आणि तुम्ही उठलातच. रहाट वाजत होता, मी ऐकत होते. मग दोर सुटल्याचा आवाज आला, रहाट उलटा गरगर फिरला आणि बादली खाली आपटली. माय ओरडली. मी गेले तेव्हा तुम्ही विहिरीच्या ओट्याला पाठ टेकून बसला होतात. हात ओले होते. मी तुम्हाला बाबा, बाबा म्हणत होते आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात, पण नंतर लक्षात आलं की तुम्ही बघत नव्हतात.

मामा ओवाळून घ्यायला आला आणि तिरडी बांधायला लागला. तुमसरहून डॉक्टर आणला होता. त्यानं हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं आणि साधंच विचारलं, सकाळी काही जड काम केलं होतं का? माय म्हणाली, "पाणी ओढाले मीच लावलं." त्यानं मान हलवली. बस, तेवढंच. त्या बिचाऱ्यानं काही ठरवून मान हलवली नसेल, पण मायनं ते कायमचं धरलं. त्या दिवसानंतर तिनं कोणाला तिच्यासाठी पाणी ओढू दिलं नाही. मला नाही, शेजारणीला नाही. ताप असला तरी स्वतः उठून जायची. मनगट वाकडं झालं तरी स्वतः ओढायची. लोक म्हणायचे, म्हातारी मोठी मानी आहे. मलाही तेव्हा तेच वाटायचं.

मी शिकत राहिले. नागपूरला एम.एस्सी. केलं, तिथेच एका कॉलेजात तात्पुरती नोकरी लागली. ग्लायकॉलचा धडा घ्यायचा होता, काही वेगळं सांगावं म्हणून लायब्ररीत गेले. कामगारांच्या आजारांवरचं एक जुनं जाडजूड पुस्तक होतं, त्यात स्फोटकांच्या कारखान्यांवर दोन पानं होती. त्यात टोपीत तेल मुरवून घरी नेणारे कामगार होते, कुठल्यातरी परक्या देशातले. मला हसू आलं, की अरे, यांना आमचा जमादार कुठे भेटला! मग पुढे वाचलं. त्या तेलानं रक्तवाहिन्या सतत सैल राहतात आणि शरीर त्या आवळून धरायला शिकतं. तेल एकाएकी बंद झालं की आवळणं तेवढं उरतं. दोन-तीन दिवसांत हृदयाच्या नळ्या आवळतात. हृदय चांगलं असलेली माणसं अशी गेली, कामावर असताना नाही, सुटीच्या दिवशी, नाहीतर कामावर निघायच्या सकाळी. आणि कामावर परत गेलं की छाती मोकळी होते. हे तेच तेल आहे, ज्याची गोळी डॉक्टर हृदयाच्या रोग्याला जिभेखाली ठेवायला देतात. तुमचं औषध त्या डब्यात होतं. तुम्ही ते नाव माहीत नसताना बरोबर मात्रेत घेत होतात, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. मी ते घमेल्यात उकळून मागच्या दारच्या नालीत ओतलं.

मी पुस्तक मिटलं, जागेवर ठेवलं आणि तास घेतला. कसा घेतला देव जाणे. येत्या रविवारी मायला सगळं सांगायचं असं ठरवून शनिवारी दुपारी एसटीत बसले. नागपूर ते तुमसर मी वाक्यं जुळवत होते. तेल सांगायचं की टोपी सांगायची, आधी कुठलं? घरी पोचले तेव्हा माय विहिरीवरच होती. मी तिच्या हातातला दोर घ्यायला गेले, तिनं कोपरानं मला बाजूला सारलं. मी म्हणाले, "माय, तुले काही सांगाचं आहे." ती थांबली. माझ्याकडे तिनं इतक्या आशेनं पाहिलं, तिला वाटलं असणार लग्नाचं काही आहे. मी म्हणाले, "माझी नोकरी पक्की होऊन राह्यली." पक्की वगैरे काही होत नव्हती. तिनं त्याच ओल्या हातांनी घरोघर साखर वाटली.

मग राहूनच गेलं, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. राहून गेलं नाही, दरवेळी मी ठेवलं. रसायनशास्त्रात निदान एवढं बरं असतं, की पुन्हा प्रयोग करून बघता येतो. इथे ते होत नाही. टोपी धुतली नसती तरी तुम्ही त्या सकाळी गेला असता का? पाणी ओढलं नसतं तर दुसऱ्या दिवशी कामावर पोचला असता का? शपथेवर मी सांगू शकत नाही. पाण्याचाही वाटा असेल. पण मायनं सगळाच्या सगळा वाटा एकटीनं उचलला होता, आणि त्यातला मोठा माझा होता हे मला माहीत होतं.

शेवटची तीन वर्षं ती माझ्याकडे भंडाऱ्याला होती. घरात नळ, तरी तांब्या स्वतः भरायची. एक दिवस दुपारी पडल्या पडल्या तिनं विचारलं, "तू त केमिस्ट्रीवाली. खरं सांग मले. त्या पाण्यानं गेले का व ते?" इतक्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदाच मोठ्यानं विचारलं. मी म्हणाले, "नाही माय." ती म्हणाली, "मंग कायनं गेले?" आणि बाबा, इथे सगळं तयार होतं, दार उघडं होतं, आणि मी म्हणाले, "हृदयानं." "हिरदय त पाण्यानंच बसलं ना," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी तिचे पाय दाबत राहिले. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी घालून कपाटात जाईल. पण एक सांगते आणि थांबते. सकाळी लिहायला बसले, तेव्हा कागदावर पहिला शब्द 'माय' असा लिहिला होता. खरं म्हणजे सगळं तिलाच सांगायचं होतं. अर्धा तास मी त्या एका शब्दाकडे बघत बसले. मग तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर 'बाबा' लिहिलं. तुम्ही रागावणार नाही, ते मला माहीत होतं. तिची मात्र मला अजून भीती वाटते.